पोर्टेबलच्या पोटात

लेनोवोच्या थिंकपॅड एक्स२०० आणि एक्स२०१ या मॉडेलांचा डबा, त्यांची बिजागरी, त्यांचा कीबोर्ड आणि कीबोर्डच्या मधोमध बसलेला लाल ट्रॅकपॉइंट, सगळे जसेच्या तसे ठेवायचे. आतला मदरबोर्ड तेवढा स्क्रू काढून बाहेर घ्यायचा आणि त्याच जागी इंटेलच्या आठव्या पिढीचा चार कोअरचा प्रोसेसर असलेला, खास या सांगाड्यासाठी आखलेला बोर्ड बसवायचा. '५१एनबी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिनी हौशी तंत्रज्ञांच्या गटाने या जोडणीला एक्स२१० असे नाव दिले. लेनोवोच्या कुठल्याच यादीत ते मॉडेल नाही. त्याआधी याच मंडळींनी एक्स६० आणि एक्स६१ यांच्या सांगाड्यासाठी एक्स६२ नावाचा बोर्ड केला होता. असले उद्योग पाहून लोक सहसा दोनच गोष्टी म्हणतात. एक, हे निव्वळ स्मरणरंजन आहे. दोन, ही जुन्या वस्तूची विटंबना आहे. दोन्ही मतांमागे एक समजूत गृहीत धरलेली असते: जुना पोर्टेबल संगणक म्हणजे आतून-बाहेरून एकजीव वस्तू, आणि तिचे पोट बदलले की ती वस्तू उरत नाही. पोर्टेबल संगणकाचा इतिहास ही समजूत टिकू देत नाही. हा प्रकार जन्मला तोच बाजारात मिळणारे भाग आपल्या डब्यात नीट बसवण्याच्या कारागिरीतून. निर्मात्याने स्वतः काय घडवले आणि काय बाहेरून आणले, हे यंत्रागणिक तपासले की बहुतेक वेळा असे दिसते की आजचे हौशी लोक फेकतात ते बाहेरून आणलेले, आणि जपतात ते घडवलेले.

सुरुवात ओस्बॉर्न-१ पासून करावी लागते. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये तो लोकांसमोर आला. किंमत १,७९५ डॉलर, वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंचांचा. कंपनीचा मालक अ‍ॅडम ओस्बॉर्न. त्याचे बालपण तमिळनाडूत गेले होते, वडील आर्थर ओस्बॉर्न हे रमण महर्षींचे अनुयायी आणि चरित्रकार, आणि २००३ मध्ये अ‍ॅडमचा मृत्यूही कोडाइकनालला झाला. यंत्राची रचना ली फेल्सनस्टीनची. आत पाहिले तर झायलॉगचा झेड८० प्रोसेसर, ६४ किलोबाइट मेमरी, दोन फ्लॉपी ड्राइव्ह आणि डिजिटल रिसर्चची सीपी/एम प्रणाली. त्या काळच्या कितीतरी टेबलावरच्या संगणकांत हेच सामान सापडले असते. सोबत दिलेली वर्डस्टार, सुपरकॅल्क ही सॉफ्टवेअरसुद्धा इतरांचीच होती. कंपनीचे स्वतःचे काय होते, तर ही सगळी मांडणी: विमानाच्या आसनाखाली सरकेल असा डबा, झाकण म्हणून बंद होणारा कीबोर्ड, ड्राइव्हच्या मधल्या फटीत कोंबलेला चिमुकला पडदा. त्या पडद्यावर एका वेळी ५२ अक्षरांची ओळ मावे, म्हणून मेमरीत १२८ अक्षरांची ओळ ठेवून कळा दाबत पडदा तिच्यावरून इकडे-तिकडे सरकवण्याची सोय फेल्सनस्टीनने केली. अभियांत्रिकीची खरी बुद्धी खर्च झाली ती अशा जागी. आणि या यंत्राचे पोट कायमचे ठरलेले आहे असे त्याच्या मालकांनाही कधी वाटले नाही. दुप्पट घनतेच्या डिस्क आणि ८० अक्षरांची ओळ दाखवणारी सोय नंतर बसवून घेता येत असे. ओस्बॉर्न कंपनी सप्टेंबर १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण डब्याची कल्पना तिच्यामागे राहिली.

ती कल्पना सर्वांत हुशारीने उचलली ती कॉम्पॅकने. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स सोडून बाहेर पडलेल्या रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो या तिघांनी १९८२ मध्ये ह्यूस्टनला कंपनी काढली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॉम्पॅक पोर्टेबल जाहीर केला आणि १९८३ मध्ये त्याचे ५३,००० नग विकले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, प्रणाली मायक्रोसॉफ्टची. आयबीएमच्या पीसीवर चालणारे सगळे याच्यावर चालले पाहिजे ही अट असल्यामुळे आतल्या भागांत वेगळेपणा दाखवायला वावच नव्हता. वेगळेपणा हाच तिथे दोष ठरला असता. आयबीएमच्या बायोसची नक्कल न करता त्याच्यासारखे वागणारे बायोस नव्याने लिहून काढणे हे कॉम्पॅकचे मोठे काम, आणि दुसरे काम म्हणजे हे सारे नऊ इंचांच्या पडद्यासह तेरा किलोच्या सुटकेसमध्ये बसवणे. आयबीएमचे उत्तर तर त्याहून बोलके आहे. फेब्रुवारी १९८४ मध्ये तिने पोर्टेबल पीसी ५१५५ बाजारात आणला, त्याच्या आत बसवलेला होता टेबलावरच्या एक्सटीचाच मदरबोर्ड, अगदी तसाच. म्हणजे तयार बोर्ड घेऊन हातात धरायच्या डब्यात घालणे हा उद्योग जगातल्या सर्वांत मोठ्या संगणक कंपनीनेच अधिकृतपणे केला होता. पुढे बेबी एटी नावाच्या आकाराचे बोर्ड आले, ते एक्सटीच्या जागी बसावेत अशाच बेताने आखलेले होते, त्यामुळे ५१५५ मध्ये पुढच्या पिढीचा बोर्ड चढवणे ही फार धाडसाची गोष्ट उरली नाही.

स्लॉट ठेवले की बदल येतोच. आयबीएमच्या पीसीत आणि त्याच्याशी जुळणाऱ्या यंत्रांत कार्ड बसवायचे स्लॉट होते, आणि १९८५ मध्ये प्लस डेव्हलपमेंट या कंपनीने हार्डकार्ड काढले: दहा मेगाबाइटची हार्डडिस्क थेट कार्डावरच चढवलेली. ड्राइव्हची जागा फ्लॉपींनी अडवलेली असली तरी स्लॉट रिकामा असला म्हणजे झाले. इंटेलने १९८७ मध्ये इनबोर्ड ३८६/पीसी हे कार्ड विकायला काढले. ८०८८ वर चालणाऱ्या जुन्या पीसीला त्याने ३८६ प्रोसेसर मिळे. ज्या कंपनीचा मूळ प्रोसेसर आत होता तीच कंपनी तो निरुपयोगी करणारे कार्ड विकत होती, आणि याला कुणी विटंबना म्हटल्याचे दिसत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने डब्यात, पडद्यात आणि कीबोर्डमध्ये गुंतवलेले पैसे वाचत होते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड ज्यांना ठाऊक आहे त्यांना 'असेंबल्ड' संगणकाबद्दल वेगळे सांगायला नको. कॅबिनेट तेच, दर काही वर्षांनी बोर्ड नवा, हा व्यवहार आपल्याकडे अगदी रुळलेला होता. पोर्टेबलच्या बाबतीत हीच गोष्ट आज चमत्कारिक वाटते, याचे कारण मधल्या काळात पोर्टेबलचा डबा मालकासाठी बंद होत गेला, इतकेच.

आता थिंकपॅड, जो आधी आयबीएमचा होता आणि पुढे लेनोवोकडे गेला. ऑक्टोबर १९९२ मध्ये आयबीएमने ७००सी आणला. रिचर्ड सॅपर हा मिलानमध्ये राहणारा जर्मन डिझायनर बाह्यरूपाचा कर्ता. जपानमधल्या यामातो प्रयोगशाळेत यंत्र घडले. कल्पनेचे मूळ म्हणून जपानी जेवणाचा काळा बेंतो डबा सांगितला जातो: बाहेरून काहीच न सांगणारा, उघडल्यावरच आतले दिसणारा. कीबोर्डमध्ये रोवलेला ट्रॅकपॉइंट हे टेड सेल्कर यांच्या संशोधनाचे फळ. टंकताना हात न उचलता बाण हलवता यावा हा त्यामागचा हिशेब. पहिल्या ७००सी मधला ४८६एसएलसी प्रोसेसर आयबीएमचाच होता हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे, पण लवकरच थिंकपॅड इंटेलच्या प्रोसेसरवर स्थिरावले आणि त्यानंतर आतल्या चिपा इतर कुठल्याही लॅपटॉपमध्ये मिळतील अशाच राहिल्या. १९९५ च्या ७०१सी चे उदाहरण तर या लेखातल्या म्हणण्याला सोयीचेच आहे. जॉन कॅरिडिस यांनी आखलेला त्याचा 'फुलपाखरू' कीबोर्ड झाकण उघडताच दोन बाजूंना सरकत डब्याहून रुंद होई. पडदे मोठे झाल्यावर त्या युक्तीची गरजच संपली आणि ती मालिका थांबली. पण न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हा लॅपटॉप आपल्या संग्रहात घेतला. त्यातला ४८६ प्रोसेसर पाहून नव्हे, हे उघड आहे.

एक्स६१ हा २००७ चा लॅपटॉप, १२.१ इंचांचा, ४:३ प्रमाणाचा पडदा, सात रांगांचा कीबोर्ड, आणि दीड किलोच्या आसपास वजन. पुढच्या चार-पाच वर्षांत त्यातले एकेक निघून गेले. एक्स२०० मध्ये पडदा १६:१० झाला, २०११ च्या एक्स२२० मध्ये १६:९, आणि २०१२ च्या एक्स२३० मध्ये सात रांगांच्या कीबोर्डची जागा सुट्या-सुट्या कळांच्या सहा रांगांनी घेतली. पडदा रुंद आणि बुटका होण्यामागे पॅनेलच्या कारखान्यांचे गणित होते. दूरचित्रवाणी आणि लॅपटॉप यांसाठी एकाच प्रमाणात काच कापणे त्यांना परवडत होते. लेखन, संकेतलेखन, तक्ते यांचे काम करणाऱ्याला उंची हवी असते, ते गणित त्यात नव्हते. तेव्हा २०१५ नंतर एखाद्याला वेगवान प्रोसेसरही हवा असेल आणि सात रांगांचा कीबोर्डही, तर बाजारात तशी वस्तू नव्हती. एक्स६२ आणि एक्स२१० हे त्या पोकळीतून आले. माझ्या मते स्मरणरंजनाचा आरोप इथेच ढिला पडतो. जुन्या काळाची आठवण हवी असणारा माणूस विंडोज एक्सपीसकट जुने यंत्र शोधतो. इथे लोकांना एक्सपी नको होते, जुना वेग नको होता. त्यांना एक कीबोर्ड हवा होता.

हे शक्य झाले ते एका तांत्रिक योगायोगामुळे, आणि त्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. लहान डब्यात नवा बोर्ड बसवताना जागेपेक्षा उष्णतेचा प्रश्न मोठा असतो. एक्स२०० च्या काळातले कोअर २ ड्युओ 'पी' मालिकेचे प्रोसेसर २५ वॅट उष्णता गृहीत धरून बनवलेले होते, त्यामुळे हीटसिंक आणि पंखा त्या मानाने बसवलेला होता. एक्स२१० मधल्या कोअर आय५-८२५०यू चा अधिकृत आकडा १५ वॅट आहे. क्षणिक भार आला की तो याहून जास्त वीज ओढतो हे खरे, तरीही जुना सांगाडा त्याला पेलतो. म्हणजे मधल्या दशकात चिपा इतक्या काटकसरी झाल्या की जुन्या डब्यात उष्णतेची सवड शिल्लक उरली. अवघड भाग दुसराच आहे. लॅपटॉपचा कीबोर्ड थेट प्रोसेसरशी बोलत नाही. मधे एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप असते. कुठली कळ दाबली गेली, पंखा किती फिरवायचा, बॅटरीत किती शिल्लक आहे, झाकण बंद झाले का, हे सगळे तीच पाहते. नवा बोर्ड जुन्या कीबोर्डच्या तारांच्या जाळ्याशी, जुन्या बॅटरीशी, जुन्या दिव्यांशी बोलायला हवा, तर या चिपेसाठी फर्मवेअर नव्याने लिहावे लागते. पडद्याकडे जाणारी वाहिनीही बदललेली असते. जुने पॅनेल एलव्हीडीएस पद्धतीचे, नवे प्रोसेसर ईडीपी बोलणारे. थोडक्यात, नवा बोर्ड आखणाऱ्याला जुन्या डब्याचा अभ्यास मूळ अभियंत्याइतकाच बारकाईने करावा लागतो. कॉम्पॅकच्या लोकांनी १९८२ मध्ये आयबीएमच्या बायोसबाबत केले ते आणि हे, जातकुळी एकच.

याउलट आक्षेप असा, की मग कुठलेही जुने यंत्र घ्यावे आणि त्याचे पोट रिकामे करावे, असेच म्हणायचे का? नाही, आणि इथे माझ्या युक्तिवादाला मर्यादा घालणारी दोन यंत्रे आहेत. पहिले टँडीचे टीआरएस-८० मॉडेल १००, साल १९८३, जपानच्या क्योसेराने बनवलेले. चार पेन्सिल सेलवर सुमारे वीस तास चालणारे, चाळीस अक्षरांच्या आठ ओळी दाखवणारे आणि बटण दाबताच क्षणात तयार असणारे. वार्ताहरांनी ते डोक्यावर घेतले, कारण बातमी टंकून आतल्याच मोडेमवरून फोनच्या तारेने धाडता येई. त्याचा स्वभाव होता तो ३२ किलोबाइटच्या रॉममध्ये, जिथे बेसिक, मजकूर-संपादक आणि दळणवळणाचा कार्यक्रम कोरलेला होता. हार्मोनियमची पेटी तीच ठेवून आतल्या सूरपट्ट्या बदलल्या तर वाजवणाऱ्याला ते वाद्य दुसरेच वाटते. मॉडेल १०० चे तसे आहे. दुसरे यंत्र ग्रिड कंपास, १९८२ चे, किंमत ८,१५० डॉलर. बिल मॉग्रिज यांनी आखलेले झाकण मिटणारे रूप, मॅग्नेशियमचा सांगाडा, स्वतःची कार्यप्रणाली आणि हार्डडिस्कऐवजी बबल मेमरी. नासाने ते स्पेस शटलमधून नेले. इथे आतले आणि बाहेरचे एकाच हाताने घडले होते. बबल मेमरी काढून त्या जागी आजचा बोर्ड बसवला तर डब्याचे सौंदर्य उरेल, पण तंत्राच्या इतिहासातला एक मार्ग कसा दिसत होता हे सांगणारा पुरावा नाहीसा होईल. अशा यंत्रांना हात लावू नये असेच मी म्हणेन, विशेषतः ती थोडी शिल्लक असताना. थिंकपॅडचे तसे नाही. ते लाखोंच्या संख्येने निघाले आणि त्यांचे भाडेकरार संपले की दुय्यम बाजारात ढिगाने येत राहिले.

पण "हात न लावणे" म्हणजे जतन, हीसुद्धा अर्धवट समजूत आहे. मॉडेल १०० च्या बोर्डावर सोल्डर केलेली निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी काळानुसार गळते आणि भोवतीच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. १९९० च्या दशकातल्या अ‍ॅपलच्या पॉवरबुकमधले कपॅसिटर तसेच गळतात. कॉम्पॅक पोर्टेबलच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेखाली फोमची चकती असते. ती इतक्या वर्षांत भुगा होते, आणि नवी चकती घातल्याशिवाय ती कळ दाबूनही अक्षर उमटत नाही. जुन्या आयडीई हार्डडिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवणे हा तर संग्राहकांचाही नित्याचा उपाय झाला आहे, कारण ती कार्डे आयडीईचीच भाषा बोलतात आणि मधे फक्त पिना जुळवणारा अडॅप्टर पुरतो. कपॅसिटर बदलणे चालते, डिस्क बदलणे चालते, बोर्ड बदलणे चालत नाही, अशी रेषा ओढायची तर तिला आधार हवा. तो आधार मला उलटवता येण्यात दिसतो. संवर्धनाच्या क्षेत्रात हे तत्त्व जुनेच आहे: जे केले ते पुढच्या माणसाला परत फिरवता आले पाहिजे. स्क्रू काढून बोर्ड उचलला आणि जुना बोर्ड पिशवीत जपून ठेवला तर काहीच हरवले नाही. नव्या पोर्टसाठी डब्याला भोके पाडली, आतल्या आधारभिंती कापल्या, तर हरवले. या कसोटीवर काही प्रसिद्ध कामे उतरतात आणि काही नापास होतात, असे म्हणायला हरकत नसावी.

पर्यावरणाच्या नावाने केला जाणारा बचाव मात्र मला पटत नाही. जुना डबा वापरल्याने कचरा वाचतो असे सांगितले जाते. लॅपटॉप बनवताना जी ऊर्जा आणि जे द्रव्य खर्च होते त्याचा मोठा वाटा चिपा, बोर्ड आणि पडदा यांचा असतो, प्लॅस्टिकचा नव्हे. आणि इथे नेमका बोर्डच नवा येतो. पैशांचा हिशेबही तसाच आहे. नवा बोर्ड, मेमरी, डिस्क, कधी पडदा आणि बॅटरी असे मिळून खर्च नव्या लॅपटॉपच्या घरात जातो. तेव्हा हे काम काटकसरीचे आहे असे समर्थन करण्याच्या भानगडीत न पडलेले बरे. वस्तू आपल्याला हवी तशी बाजारात नाही म्हणून ती करून घेणे एवढे कारण पुरेसे आहे.

आता ज्या मधल्या काळाचा वर उल्लेख आला तो. पोर्टेबल एकदम बंद झाला नाही. आधी फर्मवेअरने दार लोटले. कित्येक थिंकपॅडमध्ये मालकाने दुसऱ्या कंपनीचे वाय-फाय कार्ड बसवले की यंत्र सुरू होतानाच १८०२ क्रमांकाची चूक दाखवून थांबे, कारण बायोसमध्ये मंजूर कार्डांची यादी कोरलेली होती. कारण म्हणून रेडिओ उपकरणांच्या अमेरिकी मान्यतेचे नियम पुढे केले जात, कारण अँटेना आणि कार्ड यांची जोडी मिळून मान्यता घेतलेली असे. तो निव्वळ बहाणा होता असे मी म्हणणार नाही, पण परिणाम असा झाला की हौशी लोक सुधारित बायोस लिहू लागले. मग २०१२ मध्ये अ‍ॅपलने रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो आणला. मेमरी बोर्डावर सोल्डर केलेली, बॅटरी डिंकाने चिकटवलेली. बाकीचे निर्माते त्याच वाटेने गेले. तीस वर्षांच्या इतिहासात हा शेवटचा तुकडा, आणि आपण मात्र त्यालाच पोर्टेबलचे मूळ रूप समजू लागलो. फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये भाग बदलता येणारा लॅपटॉप आणला आणि पुढच्या वर्षी आपल्या मदरबोर्डचे आराखडे खुले केले. तेव्हापासून तयार बोर्ड घेऊन जुन्या डब्यात बसवणाऱ्यांना सर्व काही शून्यातून आखावे लागत नाही. हे ५१५५ कडे परत जाणेच आहे.

लेनोवोला या मागणीची कल्पना नव्हती असे नाही. थिंकपॅडच्या पंचविसाव्या वर्षी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, तिने थिंकपॅड २५ काढला: टी४७० चा सांगाडा, सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि त्यावर पुन्हा सात रांगांचा कीबोर्ड. म्हणजे जे हौशी लोक करत होते तेच, फक्त उलट्या दिशेने; नव्या डब्यात जुना कीबोर्ड. ती मर्यादित आवृत्ती होती आणि पडदा १६:९ चाच राहिला, त्यामुळे एक्स६१ वाल्यांची निम्मीच मागणी भागली. आज या छंदाला अडवणारे भागही पडदा आणि कीबोर्ड हेच आहेत. बोर्ड थोड्या संख्येनेही छापून घेता येतो आणि प्रोसेसर दरवर्षी नवा मिळतो. पण ४:३ चे बारा इंची पॅनेल आता नव्याने बनत नाहीत. एक्स६१ च्या टॅब्लेट आवृत्तीत येणारा १४०० बाय १०५० ठिपक्यांचा पॅनेल वर्षानुवर्षे लोक जुन्या यंत्रांतून काढून वापरत आले आहेत. सात रांगांचे कीबोर्ड गोदामात उरलेल्या सुट्या भागांतून किंवा मोडीत निघालेल्या लॅपटॉपमधून येतात, त्यांच्या कळा झिजलेल्या असतात, आणि साचा नव्याने करायचा तर काही शे लोकांच्या हौसेवर तो खर्च भागत नाही.